मोटारीचाही सातबारा पाहावा

एके काळी महाराष्ट्रात खाजगी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थास फारशी चौकशी करावी लागत नसे. कारण चौकशी करण्याजोगे फारसे काही नव्हतेच. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जी १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर, एवढ्यावर निवड बहुतांशी संपत असे. पैसे भरून नाव नोंदवावयाचे आणि आपला क्रमांक लागेपर्यंत काही वर्षे वाट पाहावयाची, हीच त्या काळची खरेदी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परदेशी कारखानदारांनाही वाट मोकळी झाली. आज एकेका मोटारीचे दहा-दहा उपप्रकार बाजारात आहेत आणि जुन्या मोटारींचा व्यापार तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. पूर्वी प्रश्न मोटार केव्हा मिळेल हा होता. आता कोणती घ्यावी हा आहे.

प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, दूध संस्थेचे सचिव यांसारख्या कुटुंबांत येणारी पहिली मोटार पुष्कळदा नवी नसते. ती दुसऱ्या वा तिसऱ्या हाताची असते आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या अगर पतसंस्थेकडून घेतलेल्या पैशांतून येते. अशा व्यवहारात चूक झाली, तर तिची भरपाई पुढील कित्येक वर्षे दरमहाच्या वेतनातून होत राहते. म्हणून प्रस्तुत लेखात नव्या मोटारीविषयी थोडे आणि जुन्या मोटारीविषयी अधिक विवेचन केले आहे.

जमिनीचा व्यवहार असला म्हणजे आपल्याकडील साधा शेतकरीही सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. भोगवटादार कोण, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे काय, वारसांचे फेरफार मंजूर झाले आहेत काय, हे तो स्वतः वाचतो किंवा जाणत्याकडून वाचवून घेतो. हाच मनुष्य मोटार घेतेवेळी मात्र रंग पाहतो, टायर पाहतो, ‘पासिंग कुठले’ एवढे विचारतो आणि पैसे मोजून किल्ली खिशात टाकतो. वस्तुतः मोटारीलाही दप्तर असते. तिच्यावरही बोजा चढतो व उतरतो, तिचेही फेरफार होतात आणि ते राहूनही जातात. हे दप्तर पाहण्यास आज फारसे सायासही पडत नाहीत.

वापर आधी, मोटार नंतर

दप्तराकडे वळण्यापूर्वी एक विचार घरीच करावयाचा असतो. आपली मोटार वर्षाकाठी किती किलोमीटर धावणार, कोणत्या रस्त्यावर आणि किती माणसांना घेऊन, हे कागदावर मांडून पाहावे. बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ अधिक निघतो. शाळा गावातच असलेल्या शिक्षकाची मोटार आठवड्यातून एकदा तालुक्यास आणि वर्षातून दोनदा पंढरपूर अगर कोकणात जाते. तिचे वार्षिक अंतर सात-आठ हजार किलोमीटरपलीकडे सहसा जात नाही.

डिझेल की पेट्रोल हा वाद याच आकड्यावर सुटतो. समजा, डिझेलची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १,२५,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर व मोटार लिटरमागे १५ किलोमीटर चालते. डिझेल ९० रुपये लिटर व मोटार १९ किलोमीटर चालते. पेट्रोलचा खर्च किलोमीटरमागे सुमारे ६ रुपये ९३ पैसे आणि डिझेलचा सुमारे ४ रुपये ७४ पैसे येईल. फरक सव्वादोन रुपयांच्या आतच. जादा दिलेले सव्वा लाख वसूल होण्यास सुमारे ५७,००० किलोमीटर चालावे लागेल. वर्षास ८,००० किलोमीटर धरल्यास सात वर्षे लागतील. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा, रीत हीच.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा आपण होऊन सांगत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली. त्यांनुसार डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. अडलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन काही काळ सलग व तापलेल्या स्थितीत चालावे लागते. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या मोटारीस ती संधी मिळत नाही, गाळणी तुंबते, दर्शनी फलकावर दिवा लागतो आणि दुरुस्तीचे देयक मोठे येते. महामार्गावर नित्य प्रवास करणाऱ्यास डिझेल उत्तम. गावातल्या गावात फिरणाऱ्यास ते अडचणीचे.

पेट्रोलच्या जुन्या मोटारीसाठीही एक प्रश्न आता विचारावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर उपलब्ध झाले. १ एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या मोटारींचे भाग या इंधनास मानवतील असे केलेले आहेत. त्यापूर्वीच्या मोटारींबाबत उत्पादकाचे म्हणणे काय, हे तिच्या माहितीपुस्तिकेत अगर अधिकृत कार्यशाळेत विचारून घ्यावे.

लिटरमागे मिळणाऱ्या अंतराचा जाहिरातीतील आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचाही नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून कार्यरत असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत ही चाचणी होते. आतापर्यंत चालत आलेल्या पद्धतीत मोटार रस्त्यावर न नेता तिची चाके प्रयोगशाळेत रोलरवर फिरवितात. वेग ताशी ९० किलोमीटरपलीकडे जात नाही आणि वातानुकूलन बंद असते. खंबाटकीचा घाट किंवा मेमधील विदर्भाचे ऊन तेथे नसते. दोन मोटारींची परस्पर तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे. महिन्याचा खर्च काढण्यास नाही.

जमिनीपासूनच्या उंचीचेही असेच. पत्रकात दिलेली उंची पुष्कळदा रिकाम्या मोटारीची असते. पाच माणसे व सामान भरले की मोटार खाली बसते आणि गावाच्या वेशीवरील गतिरोधक तिचा तळ खरवडतो. मोटार पाहावयास कुटुंबासह जावे आणि सर्वांना बसवूनच चालवून पाहावी. जाता जाता सांगावयाचे तर, आपल्याकडील कित्येक मोटारींची डिकी कापल्यासारखी दिसते त्याचे मूळ करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतील, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क कमी करण्यात आले आणि कारखान्यांनी मोटारी त्या मापात बसविल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या वस्तू व सेवा कराच्या दरांतही ती रेषा कायम आहे. चार मीटरच्या आतील, पेट्रोलचे इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत वा डिझेलचे १,५०० पर्यंत असलेल्या मोटारीवर १८ टक्के कर आहे, त्याहून मोठ्या मोटारीवर ४० टक्के.

तारे कोणत्या मोटारीचे?

२०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींची टक्कर-चाचणी घेतली आणि पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांतील फोक्सवॅगन पोलो ही मोटार हवेच्या पिशव्यांविना शून्यावर राहिली. दोन पिशव्या असलेल्या पोलोची चाचणी झाली तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव एक, बाह्य रूप एक, पण एका उपप्रकारात जीव वाचण्याची शक्यता आणि दुसऱ्यात नाही. ‘ही मोटार चार ताऱ्यांची आहे’ असे कोणी सांगितल्यास तारे कोणत्या वर्षीच्या, कोणत्या उपप्रकाराच्या आणि कोणत्या चाचणीतील, हे विचारलेच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचा भारत एनकॅप हा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला असून त्यात ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक देऊन मोटार तपासतात. ही चाचणी ऐच्छिक आहे. त्यामुळे एखाद्या मोटारीस तारे नसणे म्हणजे ती निकृष्टच असे नव्हे. तिची चाचणीच झालेली नसेल.

जुनी मोटार घेणाऱ्यास नोंदणीचे वर्ष हेच मोठे साधन आहे. चाके जागच्या जागी अडकून मोटार घसरू नये यासाठीची ए.बी.एस. ही ब्रेकची व्यवस्था एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. चालकासाठी हवेची पिशवी १ जुलै २०१९ पासून आली. शेजारच्या प्रवाशासाठीची पिशवी नव्या नमुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून आणि चालू नमुन्यांना त्या वर्षाच्या अखेरपासून सक्तीची झाली. अर्थात २०१७-१८ मधील स्वस्त उपप्रकारात यांतील काहीच नसण्याचा पुष्कळ संभव आहे. दहा-वीस हजारांच्या फरकासाठी त्या वर्षांकडे वळण्यापूर्वी मागच्या आसनावर कोण बसणार आहे याचा विचार व्हावा, असे लेखकास प्रामाणिकपणे वाटते.

दप्तराचे वाचन

आता मुख्य भागाकडे वळू. मोटारीचा क्रमांक हाती आला की केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन या संगणकीय प्रणालीवर किंवा एमपरिवहन या मोबाइल उपयोजनावर तिची बरीचशी नोंद पाहावयास मिळते. नोंदणीचा दिनांक व कार्यालय, इंधन, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत, कर्ज देणाऱ्या संस्थेची नोंद आणि मोटार कितव्या मालकाकडे आहे, हे तेथे कळते. विक्रेत्याने दाखविलेले प्रमाणपत्र आणि ही नोंद अक्षरशः ताडून पाहावी. ‘पहिल्या मालकाची’ म्हणून दाखविलेली मोटार दप्तरी तिसऱ्या मालकाची निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

त्यानंतर प्रत्यक्ष मोटारीवर कोरलेला सांगाड्याचा, म्हणजे चेसिसचा, क्रमांक पाहावयाचा. तो १७ अक्षरांकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांशी गल्लत करतात. एखादे अक्षर खरवडलेले, वेगळ्या वळणाचे किंवा नव्या रंगाखाली दडलेले आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. चोरीच्या मोटारींची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वाहन समन्वय या प्रणालीत असते आणि तीवर नागरिकांनाही शोध घेता येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी आवश्यक करण्यात आली आहे. या पट्टीवर लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असून तो वाहनाच्या नोंदीशी जोडलेला असतो.

बोजाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कर्जाऊ घेतलेल्या मोटारीच्या नोंदणीत बँकेचे नाव तारण म्हणून चढते. कर्ज फिटले म्हणजे ते आपोआप उतरेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. सोसायटीचे कर्ज फेडूनही सातबाऱ्यावरचा बोजा वर्षानुवर्षे तसाच राहतो, तसेच येथे घडते. बँकेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल करून नोंद कमी करून घ्यावी लागते. ‘कर्ज कधीच फिटले आहे, पत्र घरी आहे’ असे विक्रेता म्हणाला, तर नोंद उतरल्यानंतरच उरलेली रक्कम द्यावी. यात विक्रेत्याचा अपमान नाही. जमिनीच्या व्यवहारात आपण नेमके हेच करतो.

मालक मृत असेल तर? खेड्यात असे व्यवहार पुष्कळ होतात. वडिलांच्या नावची मोटार मुलगा परस्पर विकतो. येथेही आधी वारसाच्या नावे हस्तांतरण, ज्यासाठी नमुना ३१ आहे, आणि मगच विक्री, असा क्रम आहे. एका भावाच्या सहीवर घेतलेली मोटार दुसऱ्या भावाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहू शकते.

परराज्यातील मोटारी स्वस्त का मिळतात, हेही पाहिले पाहिजे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध आणले. तेव्हापासून मुदत भरत आलेल्या मोटारी तेथून कमी किमतीत बाहेर पडू लागल्या. पुढे या निर्बंधांत बदल झाले, तरी स्वस्त मोटारींचा हा ओघ परिचयाचा झाला. अशी मोटार आणताना मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्रातील कर नव्याने भरावा लागतो. हा कर किमतीत मिळवून मगच ‘स्वस्त’ हा शब्द वापरावा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही येतो. चौदा वर्षांची मोटार घेणाऱ्याने हा खर्च उंबरठ्यावर उभा आहे असेच धरावे.

विकणाऱ्याचीही जोखीम

कागदपत्रांची ही दक्षता केवळ घेणाऱ्याच्या हिताची आहे असे मानण्याचे कारण नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मालक’ या शब्दाची व्याख्या नोंदणीशी बांधलेली नव्हती. १९८८ च्या कायद्याने ती बदलली आणि ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो मालक, असे सर्वसाधारणपणे ठरविले. याचा अर्थ काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालावरून स्पष्ट होते. हरियाणातील एका गृहस्थांनी आपली मोटार २००७ मध्ये विकली. ती पुढे एकामागून एक हातांत गेली. नोंदणी मात्र कोणीच बदलली नाही. २००९ मध्ये त्या मोटारीचा अपघात होऊन एक जीव गेला. भरपाईचे दायित्व दप्तरी ज्यांचे नाव होते त्या पहिल्या मालकांवरच आहे, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताने मोटार कोणाकोणाच्या हाती गेली याचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही, असा त्यामागील विचार आहे.

गावोगावी एक रीत पडली आहे. विक्रेता नमुना २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून देतो, घेणारा ते कागद कपाटात ठेवतो आणि पुढचे गिऱ्हाईक मिळाले की तेच कागद पुढे सरकवितो. मधल्या काळात मोटार कोणाच्या हाती होती, हे दप्तरास माहीतच नसते. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. मोटार दलालाकडे ठेवून जाणाऱ्या मालकासाठी १ एप्रिल २०२३ पासून एक सोय झाली आहे. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात मोटार दिल्याची सूचना प्रणालीवर देता येते. व्यापाऱ्याकडे हे अधिकारपत्र आहे काय, हे विचारण्यास संकोच वाटू नये.

पुरात भिजलेली मोटार

लेखकाच्या परिचयातील मराठवाड्यातील एका माध्यमिक शिक्षकांनी २०२० च्या दिवाळीत पाच वर्षे वापरलेली एक मोटार घेतली. दिसण्यात ती नव्यासारखी होती, किंमत बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी होती आणि कागदांची जाडजूड फाईल सोबत मिळाली. पुढच्या पावसाळ्यात काचा मध्येच वरखाली होणे बंद झाले, मग दिवे, मग एके रात्री परळीच्या रस्त्यावर मोटार आपोआप बंद पडली. मेकॅनिकने आतील गालिचा उचलला तेव्हा खाली बारीक गाळाचा थर निघाला. मोटार ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात उभी होती. दुरुस्तीवर गेलेले पैसे मोजता चाळीस हजारांची बचत केव्हाच बुडाली. मोटार विकावी तर खरे सांगावे लागेल, या विचाराने त्यांनी ती आजवर विकलेली नाही.

लेखकास या प्रकरणात बोधप्रद वाटली ती ती जाडजूड फाईल. तीत विम्याच्या तीन वर्षांच्या पॉलिसी होत्या. विमाधारकाने वर्षभरात दावा केला नाही, तर पुढील वर्षी हप्त्यात सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ अशी ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. दावा झाला की ती शून्यावर येते. त्या फाईलीत जून २०१८ च्या पॉलिसीवर २५ टक्के, जून २०१९ च्या पॉलिसीवर ३५ टक्के आणि जून २०२० च्या पॉलिसीवर काहीच नव्हते. मालक तिन्ही वर्षी एकच. मधल्या वर्षात मोटारीवर मोठा खर्च झाला होता, हे त्या तीन कागदांवर लिहिलेले होते. ते वाचावयाचे असतात, हे मात्र गुरुजींना कोणी सांगितले नव्हते. अर्थात सूट शून्य होण्याचे दुसरेही कारण असते. मालक बदलला की नव्या मालकाची सूट नव्याने सुरू होते, कारण ती मोटारीची नसून माणसाची असते. म्हणून मालकी कायम असताना सूट तुटली आहे काय, हे पाहावे आणि तुटली असल्यास कोणता दावा झाला होता ते विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण व महाड, अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या मोटारी धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विक्रीस येऊ शकतात. त्या त्या जिल्ह्याच्या क्रमांकाची प्रत्येक मोटार संशयास्पद मानणे हा अन्याय होईल. तेथील बहुसंख्य मोटारींना पाण्याचा स्पर्शही झालेला नाही. तथापि तपासणी सोपी आहे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. धुणारा मनुष्य दिसणारा भाग धुतो, गुंडाळीच्या आतल्या भागावर गाळाचा डाग राहतो. आसनाखालील लोखंडी पट्ट्यांवरील गंज, डिकीत जादा चाकाखालचा खळगा, दिव्यांच्या काचेआड साचलेली वाफ आणि बंद मोटारीतील कुबट वास, यांतून बरेच कळते. वास मारण्यासाठी भरपूर अत्तर फवारलेले असेल तर संशय अधिक बळावावा.

थंड इंजिन

मोटार पाहावयास सकाळी जावे आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे सांगून ठेवावे. बॉनेटवर हात ठेवला असता ते गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना काही त्रास देते काय, अशी शंका घेण्यास जागा आहे. सुरू होताच निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबला नाही, तर थंडावा देणारे पाणी आत शिरत असावे. किल्ली फिरविल्यावर हवेच्या पिशवीचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर अपघातात पिशवी उघडून गेली असून दिवा मुद्दाम काढून टाकला आहे, अशी शक्यता धरावी.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. तो मागे फिरविता येतो. त्याऐवजी क्लचच्या पायट्यावरील झिजलेले रबर, सुकाणूच्या चाकावर हाताने आलेली चकाकी आणि चालकाच्या आसनाची उतरणीची कड पाहावी. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ च्या आणि २०,००० किलोमीटर चालल्याचे सांगितलेल्या मोटारीस पाचही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर कशाने झिजले असा प्रश्न उभा राहतो. काचांच्या कोपऱ्यात उत्पादकाचे चिन्ह असते. एकच काच वेगळ्या उत्पादकाची निघाली तर त्या बाजूने काहीतरी घडलेले आहे. याखेरीज अधिकृत कार्यशाळेतील दुरुस्तीचा इतिहास मालकास मिळू शकतो; तो मालकाकरवी मागवावा. शेवटी आपल्या विश्वासातील मेकॅनिकला त्याचा रोजगार देऊन सोबत न्यावे. विक्रेत्याचा मेकॅनिक हा विक्रेत्याचाच असतो.

व्यवहार झाल्यानंतर

नाव बदलून नवे नोंदणी प्रमाणपत्र आले की क्रमांक, नाव, पत्ता व चेसिसचा क्रमांक जागच्या जागी तपासावा. लेखनिकाची एका अक्षराची चूक पुढे दाव्याच्या वेळी आड येते. जुन्या मालकाने केलेले वाहतूक नियमभंगाचे दंड वाहनाच्या क्रमांकावर राहतात, ते आधीच भरून घ्यावेत. पथकराची फास्टॅग चिकटपट्टी जुन्या मालकाने बंद करावी व आपण नवी घ्यावी. विम्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कायद्याच्या कलम १५७ नुसार तिऱ्हाइताच्या भरपाईपुरता विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. परंतु मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीस अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. तसे न करता मोटार झाडावर आदळली, तर हप्ता भरलेला असूनही पत्रा आपल्याच पैशांनी ठोकून घ्यावा लागतो. कंपनीचे बदलाचे पत्र, नवे नोंदणी प्रमाणपत्र, बोजा उतरल्याची नोंद आणि मागील सर्व पॉलिसी एकाच फाईलीत लावून ठेवाव्यात. ही मोटार पुढे विकावयाची वेळ येईल तेव्हा येणारा खरेदीदार हीच फाईल मागणार आहे.